डिंकाच्या लाडवांचं खोकं आणि तीनदा परत आलेली फाइल

प्रश्न थोडक्यात असा आहे: मावशीच्या घरगुती डिंकाच्या लाडवांसाठी पाव किलोच्या खोक्याचं डिझाइन कॅनव्हामध्ये केलं. दोन हजार खोकी छापायची आहेत. प्रेसने फाइल तीनदा परत पाठवली. पहिल्यांदा ‘डायलाइनवर (खोकं कुठे कापायचं, कुठे घडी पाडायची त्या रेषांच्या आराखड्यावर) बसवून द्या’ म्हणाले, दुसऱ्यांदा ‘ही आरजीबी आहे’, तिसऱ्यांदा ‘मराठी अक्षरं फुटलीत’. प्रेसला नेमकं हवंय तरी काय, आणि केलेलं सगळं काम टाकून द्यायचं का?

आधी एक सांगतो. फाइल तीनदा परत आली म्हणजे प्रेस चांगली मिळाली आहे. वाईट प्रेस फाइल परत पाठवत नाही, आहे तशी छापून मोकळी होते आणि बिल पाठवते. मी पुण्यात ऑफसेट प्रेसच्या प्रीप्रेसमध्ये, म्हणजे छपाईआधी फाइल तयार करणाऱ्या विभागात, बावीस वर्षं काढली. परत पाठवलेल्या फाइलवरून जेवढी भांडणं झाली, त्याच्या कितीतरी पट न पाठवलेल्या फाइलवरून झाली.

तुमची खरी चूक रंगाची नाही, फॉन्टचीही नाही. तुम्ही चित्र आधी काढलंत आणि मग त्याच्यासाठी खोकं शोधायला निघालात. लाडू, मग खोक्याचं माप, मग बोर्ड, मग डाय (खोकं कापायचा साचा) आणि शेवटी डिझाइन, असा हा क्रम आहे. तो उलटला की प्रत्येक पायरीवर मागे यावं लागतं.

लाडवांपासूनच सुरू करू. पाव किलोत साधारण ३१ ग्रॅमचे आठ लाडू बसतात, आणि असा लाडू ३८ मिलिमीटरच्या आसपास असतो. समजा तुम्ही खोकं १०० × ५० × १५० मिलिमीटर धरलं. पहिले दोन आकडे खोकं उघडतं त्या तोंडाचे, तिसरा उंचीचा. हे खोकं उलगडून सपाट केलं की आडवं माप येतं दोनदा १०० अधिक ५०, म्हणजे ३००, आणि वर पेस्टिंग फ्लॅपचे, म्हणजे चिकटवायच्या पट्टीचे १५, एकूण ३१५. उभं माप येतं १५० अधिक वरखालची झाकणं आणि त्यांच्या आत खोचायच्या पट्ट्या, म्हणजे २८०. आता २३ × ३६ इंची शीट घ्या, म्हणजे सुमारे ५८४ × ९१४ मिलिमीटर. त्यावर आडवी दोन, उभी दोन, अशी चारच खोकी बसतात. प्रेसच्या भाषेत चार अप्स. आडव्या बाजूला जवळजवळ तीनशे मिलिमीटर बोर्ड वाया.

तेच खोकं ९४ × ४६ × १५५ केलं तर? आडवं माप २९५ होतं आणि ९१४ मध्ये तीन बसतात. उभं माप २७७ होतं, ५८४ मध्ये दोन बसतात आणि मशीनच्या ग्रिपरला, म्हणजे शीट पकडणाऱ्या चिमट्यांना, जागाही उरते. चाराचे सहा झाले. दोन हजार खोक्यांना पाचशेऐवजी तीनशे चौतीस शीट्स लागतील, वर वेस्टेज वेगळं. लाडू दोन-दोनाचे चार थर लावून बसतात. ३८ चोक १५२. आतल्या पिशवीची जाडी धरून एकदा प्रत्यक्ष भरून बघा, कारण घरी वळलेला लाडू कॅलिपरने मोजून वळलेला नसतो. सहा मिलिमीटरच्या फरकात एवढा पैसा असतो, आणि डिझाइन पूर्ण झाल्यावर हे सुचून काही उपयोग नसतो. म्हणून प्रेसला पहिला प्रश्न ‘दर काय?’ हा विचारू नका. ‘तुमच्या मशीनवर कुठली शीट चालते आणि माझे अप्स किती येतील?’ हे विचारा.

बोर्डाबद्दल दोनच गोष्टी. आतून राखाडी दिसणारा डुप्लेक्स स्वस्त पडतो, पण तो पुनर्वापराच्या लगद्याचा असतो. तुपातला लाडू त्याला थेट टेकवू नका, आत फूड ग्रेड पिशवी हवीच. दुसरी गोष्ट ग्रेनची. बोर्ड तयार होताना त्यातले तंतू बरेचसे एका दिशेला लोळलेले असतात. ही दिशा खोक्याच्या अंगाभोवती आडवी यायला हवी, उभ्या घड्यांना काटकोनात. उलटी आली तर खोकं आठ दिवसांत पोट काढतं. ग्रेन शीटच्या लांब बाजूने असेल तर वरच्या मांडणीत ती आपोआप बरोबर येते, पण कटरवाल्याने शीट फिरवून कापलं तर नाही. कोऱ्या बोर्डाचा तुकडा दोन्ही दिशांनी वाकवून बघा. ज्या दिशेने सहज वाकतो, त्या घडीला ग्रेन समांतर आहे असं समजा.

आता डाय. डायलाइन स्वतः काढू नका, इंटरनेटवरून उतरवू नका, प्रेसकडून किंवा त्यांच्या डायमेकरकडून मागा. १८ मिलिमीटर प्लायवूडला लेसरने खाचा पाडून त्यात पोलादी पट्ट्या ठोकतात. कापणारी पट्टी २३.८ मिलिमीटर उंच, घडी पाडणारी तिच्याहून किंचित बुटकी आणि बोथट. त्या लाकडाची जी रेघ, तीच तुमच्या फाइलमध्ये हवी. बोर्डाच्या जाडीपायी आत शिरणारे फ्लॅप अर्धा-एक मिलिमीटर लहान ठेवलेले असतात. हौशी डिझायनर ते ‘चुकलंय’ म्हणून सरळ करतो आणि झाकण बसेनासं होतं.

ही डायलाइन एकास एक मापात फाइलमध्ये ठेवा, स्वतंत्र लेयरवर, कुलूप लावून. तिला छपाईच्या चार रंगांबाहेरचा एक स्पॉट रंग द्या, नाव ‘डायलाइन’ ठेवा आणि तिच्यावर ओव्हरप्रिंट, म्हणजे खालचा रंग न कापता त्याच्यावरच छापणं, चालू करा. नाहीतर तिच्याखालच्या चित्रात तिच्याच जाडीची पांढरी चीर पडते.

डाय पंचिंगमध्ये शीट मिलिमीटरभर इकडेतिकडे सरकतं. ही चूक नव्हे, कामाचा स्वभाव आहे. म्हणून कापायच्या कडेबाहेर ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे जादा रंग, द्या आणि अक्षरं कडेपासून व घडीपासून ४ ते ५ मिलिमीटर आत ठेवा. कडेला समांतर बारीक सोनेरी चौकट काढायचा मोह आवरा. एका बाजूला दोन मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला एक दिसली की सगळं खोकं तिरकं वाटतं, मग ते खरं कितीही सरळ असो. पुढची बाजू केशरी आणि शेजारची पिवळी असेल तर रंग बरोबर घडीवर बदलू नका. गडद रंग दोन मिलिमीटर शेजारी जाऊ द्या, नाहीतर खुशाल वेलबुट्टीचा पट्टा घडीवरून वळवा.

पेस्टिंग फ्लॅपवर रंग फक्त ३ ते ४ मिलिमीटर आत जाईल एवढाच, बाकी कोरा. तिथे वॉर्निश नको, लॅमिनेशन नको. गमाला कागद लागतो, प्लास्टिक चालत नाही. असे फ्लॅप पेस्टिंगच्या दिवशी चिकटलेले दिसतात आणि ऐन श्रावणात दुकानाच्या फडताळावर उघडतात.

रंगाकडे येऊ. ‘आरजीबी आहे’ याचा अर्थ फाइलमधला रंग प्रकाशाचा आहे, शाईचा नाही. मशीनवर चारच शाया असतात (सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा, म्हणजेच सीएमवायके), आणि स्क्रीनवरचा भडक केशरी, पोपटी किंवा इलेक्ट्रिक निळा त्या चारांतून निघत नाही. हळदीचा पिवळा झकास निघतो, कुंकवाचा लालही. केशरी मात्र नेहमी थोडा मळकट येतो. ब्रँडचा जीव त्या केशरीतच असेल तर पाचवा, पॅन्टोनचा (आधीच मिसळून तयार केलेल्या शाईचा) रंग लावावा लागेल. त्याची एक प्लेट जास्त, आणि मशीन चाररंगी असेल तर मशीनमधून एक फेरीही जास्त. दोन हजार खोक्यांना तो खर्च माझ्या मते पेलत नाही. केशरी थोडा लालसर धरा आणि सोडून द्या. एक सावधगिरी: नोव्हेंबर २०२२ पासून ॲडोबीच्या प्रोग्रॅममधून पॅन्टोनची पुस्तकं बरीचशी काढली गेली, त्यामुळे जुन्या फाइलमधला स्पॉट रंग उघडताना नीट तपासा.

आरजीबीतून बदल करताना सगळ्यांत मोठी गोची होते ती काळ्या रंगाची. फोटोशॉपच्या जुन्या ठरलेल्या सेटिंगवर आरजीबीतला शुद्ध काळा बदलला की तो सायन ७५, मॅजेंटा ६८, पिवळा ६७ आणि काळा ९० असा चार शायांत फुटतो. घटकपदार्थांची सहा पॉइंटची ओळ चार प्लेट्सवरून छापायची म्हणजे चार माणसांनी एकाच सुईत दोरा ओवायचा. रजिस्ट्रेशन, म्हणजे चार रंगांचं एकमेकांवर नेमकं बसणं, केसभर हललं की अक्षरांना लाल-निळी सावली येते. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत, शंभर टक्के, ओव्हरप्रिंट चालू. मोठा काळा पट्टा मात्र नुसत्या काळ्यात फिकट दिसतो. त्याला खाली ४० टक्के सायन द्या. चारही शायांची बेरीज ३०० टक्क्यांच्या वर नेऊ नका, नाहीतर शाई वाळत नाही आणि गठ्ठ्यातल्या वरच्या शीटच्या पाठीला लागते.

ओव्हरप्रिंटबद्दल थांबून सांगतो, कारण यात मी स्वतः हात पोळले आहेत. एका मसाल्याच्या खोक्यावर निव्वळ वजन आधी काळ्या अक्षरांत होतं, ओव्हरप्रिंट लावलेलं. ऐनवेळी मालक म्हणाले, मरून पट्टीवर पांढरं छान दिसेल. मी रंग बदलला, ओव्हरप्रिंट तसाच राहिला. पांढरी शाई मशीनवर नसतेच. पांढरं म्हणजे ‘इथे काही छापू नका’. त्यावर ओव्हरप्रिंट लागलं की अर्थ होतो ‘खालचं जे आहे ते छापा’. स्क्रीनवर वजन दिसत होतं, छापील शीटवर नुसती मरून पट्टी. पाच हजार खोक्यांवर नंतर स्टिकर लावले, त्यातले काही मी लावले. तेव्हापासून ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू चालू केल्याशिवाय मी फाइलकडे बघतही नाही. तुम्हीही इलस्ट्रेटरमध्ये किंवा ॲक्रोबॅट प्रोच्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये हे बघा. तिथेच प्लेट्सची यादी दिसते. चार रंग, डायलाइन आणि असेल तर स्पॉट यूव्ही (ठराविक जागेवरचा चकचकीत लेप), याखेरीज एकही नाव तिथे दिसता कामा नये.

आता फुटलेली अक्षरं. हा भाग इंग्रजीतल्या कुठल्याही ट्यूटोरियलमध्ये सापडत नाही, म्हणून सविस्तर.

देवनागरी दोन पद्धतींनी टाइप झालेली असते. एक युनिकोड, जी तुम्ही फोनवर वापरता. दुसरी श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या प्रणालींचे जुने फॉन्ट, ज्यांत ‘क’ दिसतो पण आत एखादं रोमन चिन्ह असतं. प्रेसमध्ये अजून दुसरी पद्धत भरपूर आहे. तुमचा युनिकोड मजकूर त्यांच्या जुन्या कोरलड्रॉमध्ये गेला की वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि ‘डिंक’चा ‘डंिक’ होतो. इलस्ट्रेटर वापरत असाल तर प्रेफरन्समध्ये भारतीय भाषांचे पर्याय चालू करा आणि परिच्छेदाला दक्षिण आशियाई कंपोझर निवडा, तरच जोडाक्षरं जुळतात. आणि पीडीएफ परत इलस्ट्रेटरमध्ये उघडून मराठी मजकूर दुरुस्त करायला जाऊ नका. ती बहुधा तिथेच फुटते.

मराठीची स्वतःची अशी दोन दुखणी आहेत. एक म्हणजे अर्धा र. ‘कैऱ्या’, ‘पुऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतला तो चंद्रकोरीसारखा र कित्येक फॉन्टमध्ये नसतो, मग ‘कैर्या’ छापलं जातं. लोणच्याच्या बरणीवर ‘कैर्यांचे’ वाचून माझ्या आईने ती बरणी परत ठेवलेली मी पाहिली आहे. दुसरं म्हणजे ‘ल’ आणि ‘श’. मराठी वळणाचा ल हिंदी लपेक्षा वेगळा असतो. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही रूपं दडलेली असतात आणि भाषा मराठी निवडली की बदलतात. लाडू विकणाऱ्याने तरी आपला ‘ल’ तपासावा.

मजकूर पक्का झाला की अक्षरांचे आउटलाइन, कोरलच्या भाषेत कर्व्ह, करा, म्हणजे ती फॉन्टवर अवलंबून न राहता नुसते आकार होतात. त्याआधी फाइलची टाइप केलेली प्रत वेगळी जपून ठेवा, कारण पत्ता बदलला की कर्व्हमधून दुरुस्ती होत नाही. कर्व्ह केल्यावर शिरोरेषेकडे झूम करून बघा. देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या रेषेवर थोडी चढलेली असते. कोरलमध्ये ‘कम्बाइन’ केलं की हे चढलेले तुकडे पोकळ होतात आणि शिरोरेषेवर पांढरे दात दिसतात. अक्षरांना बाहेरून सोनेरी कड दिली असेल तर प्रत्येक सांध्यावर उभी रेघ उमटते. दोन्हीवर उपाय एकच: कोरलमध्ये ‘वेल्ड’, इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं ‘युनाइट’, म्हणजे सगळं नाव एकसंध आकार होतं.

बारीक आकारात देवनागरीला रोमनपेक्षा जास्त जागा लागते. वर मात्रा, खाली उकार. इंग्रजी सहा पॉइंटला वाचता येतं तिथे मराठी साडेसातच्या खाली नेऊ नका. गडद रंगात पांढरी अक्षरं सोडत असाल तर जाड वळण घ्या. नाहीतर शाई भरून पहिला अनुस्वार जातो आणि ‘डिंक’चा ‘डिक’ होतो.

मजकुराबद्दल एक गोष्ट बऱ्याच घरगुती उद्योजकांना माहीत नसते: कायद्याने लागणारा तपशील फक्त मराठीत चालत नाही. अन्नपदार्थांच्या लेबलिंगच्या २०२० च्या नियमांनुसार तो इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत हवा; मराठी सोबत द्यायला आडकाठी नाही. वजन आणि किंमत ‘250’ या वळणाच्या आकड्यांत द्या. वैधमापनशास्त्राच्या २००९ च्या कायद्यात भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप प्रमाण धरलं आहे. १४ अंकी एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक परवान्याच्या कागदावरून कॉपी करा, आठवणीतून टाइप करू नका. शाकाहारी चिन्ह म्हणजे हिरव्या चौकटीत हिरवं भरीव वर्तुळ. ते नावाजवळ हवं आणि कितीही लहान पॅकवर वर्तुळाचा व्यास ३ मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका. पुढची बाजू मोठी असेल तर चिन्हही मोठं लागतं. वजनाच्या आकड्याची किमान उंचीही नियमात ठरलेली आहे. ती सध्याच्या तक्त्यातून बघून मगच जागा सोडा.

एमआरपी, बॅच नंबर आणि पॅकिंगची तारीख तुम्ही घरी शिक्का मारून टाकणार असाल. त्या जागी वॉर्निश किंवा लॅमिनेशन आलं तर शाई बोटाने पुसली जाते. वॉर्निश असेल तर तेवढी खिडकी वगळायला सांगा, प्लेटवर होतं. लॅमिनेशन असेल तर खिडकी ठेवता येत नाही. मग शाईचा शिक्का विसरा, छोटा स्टिकर लावा. हे डिझाइनमध्ये आधीच धरा, नाहीतर स्टिकर नेमका मावशीच्या फोटोवर बसतो.

बारकोड व्हेक्टर (रेषांचा, फोटोचा नव्हे) आणि नुसत्या काळ्या शाईत हवा. ईएएन-१३, म्हणजे मालावरच्या नेहमीच्या १३ अंकी बारकोडचं, मूळ माप ३७.२९ × २५.९३ मिलिमीटर आहे आणि ते ८० टक्क्यांपर्यंतच लहान करता येतं. या मापात दोन्ही बाजूंची मोकळी जागा धरलेली आहे; डावीकडे साडेतीन मिलिमीटरच्या वर, उजवीकडे सव्वादोनच्या वर. डिझायनर तिथे हमखास ‘कस्टमर केअर’ सरकवतात. रेषा लाल किंवा केशरी करू नका. स्कॅनरचा प्रकाश लाल असतो, त्याला त्या दिसत नाहीत. जाता जाता: ८९० ने सुरू होणारा क्रमांक जीएस१ इंडियाकडे (बारकोडचे क्रमांक देणारी संस्था) नोंदवलेला असतो एवढंच, माल भारतात बनला याचा तो दाखला नव्हे.

फोटो छापायच्या मापाला ३०० पीपीआय, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल. मावशीने लाडवांचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला असेल तर तो दाबला गेलेला आहे. डॉक्युमेंट म्हणून पुन्हा मागवा. स्पॉट यूव्ही किंवा फॉइल करायचं असेल तर त्याचा आकार वेगळ्या लेयरवर, वेगळ्या स्पॉट नावाने, शंभर टक्के भरीव द्या. बारीक मात्रांवर यूव्ही लावू नका, सरकतो आणि चिखल दिसतो.

फाइल पीडीएफ/एक्स-४ द्यायची की एक्स-१ए (छपाईच्या पीडीएफचे दोन प्रकार), हे प्रेसला विचारा. जुन्या यंत्रणेवर सावल्या आणि पारदर्शक थर अडतात, तिथे एक्स-१ए सुरक्षित. काही जण कोरलच्या जुन्या व्हर्जनमधलीच फाइल मागतात. द्या, पण सोबत पीडीएफही द्या आणि ‘यासारखं दिसलं पाहिजे’ असं लिहा. पाठवण्याआधी ए३ वर शंभर टक्के मापात प्रिंट काढून कापा, घडी घाला, चिकटवा. झाकणावरचं नाव उलटं आलंय, मागची बाजू डोक्यावर उभी आहे, हे स्क्रीनवर कधीच कळत नाही. हातात खोकं आलं की क्षणात कळतं. प्रेसकडून छपाईच्या बोर्डाचाच कोरा नमुना मागा, त्यात खरे आठ लाडू भरा. आणि ज्या प्रूफवर (छपाईआधी तपासायच्या नमुन्यावर) तुम्ही सही कराल, त्यातल्या चुका तिथून पुढे तुमच्या. मजकूर अशा माणसाकडून वाचून घ्या ज्याने तो आधी पाहिलेला नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, कॅनव्हातलं काम टाकून द्यायचं का. नाही. तिथून मांडणीची कल्पना घ्या, मूळ फोटो घ्या, मजकूर साध्या फाइलमध्ये उतरवून घ्या. पण छपाईची अंतिम फाइल तिथे करू नका. सशुल्क खात्यात सीएमवायके पीडीएफ मिळते, ब्लीडही मिळतं, पण स्पॉट रंग आणि ओव्हरप्रिंट हातात राहत नाहीत, आणि डायलाइनला तेच लागतात. इलस्ट्रेटर किंवा कोरल येणाऱ्या माणसाचं हे दोन दिवसांचं काम आहे. त्याला बोलावण्याआधी प्रेसला फोन करून ९४ × ४६ × १५५ ची डायलाइन मागवून घ्या. त्यांनी दुसरं माप सुचवलं तर का सुचवताय ते विचारा. बहुतेक वेळा त्यांच्याकडे त्या मापाची जुनी डाय पडलेली असते आणि तुमचा डायचा खर्च वाचतो.